थंड बाटली

माझ्या मोठ्या जाऊबाईंना राग येत नसे, आणि मला रागाशिवाय दुसरं काही येत नसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच आमची वाटणी झाली. सोसणं त्यांच्याकडे, भांडणं माझ्याकडे. दुधात पाणी आलं की दारात मी. शेजारणीनं आमच्या दोरीवर तिची ओली चादर टाकली की गॅलरीत मी. ताई आतून म्हणायच्या, "अगं, जाऊ दे. दोरी काय झिजते का?"

"दोरी नाही झिजत ताई, आपण झिजतो."

त्या हसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. सगळे म्हणायचे, मोठी म्हणजे गरीब गाय. धाकटीबद्दल काय म्हणायचे ते मी समोर असताना कुणी बोलायची हिंमत केली नाही. त्या गरीब गायीचीच गोष्ट सांगते आहे, आणि सांगतानाही माझं डोकं तापलेलंच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ताई पॉलिशच्या कारखान्यात होत्या. कारखाना कसला, पत्र्याची लांब शेड. एका मोठ्या मोटरवर पट्ट्यानं फिरणारी चाकांची रांग, प्रत्येक चाकासमोर एक स्टूल आणि स्टुलावर एक बाई. ओतकामातून आलेले पितळी नळ खडबडीत असतात. ते आधी खरखरीत चाकावर घासायचे, मग कापडाच्या चाकावर मेण लावून चकचकीत करायचे. तुमच्या बेसिनवरच्या नळात तुम्हाला तुमचं तोंड दिसतं ना, ते दिसावं म्हणून कुणीतरी दिवसभर तो नळ चाकावर दाबून बसलेलं असतं. ताई घरी यायच्या त्या केसांपासून टाचांपर्यंत करड्या. पहिल्या साबणाला पाणी काळं, दुसऱ्याला करडं, आणि तिसऱ्यांदा लावायला साबण उरलेला नसे.

चाकावरून कण उडतात. पितळेचे, चाकावरच्या वाळूचे. ते कुठेही जातात, आणि डोळ्यात तर हमखास. चष्मे होते, नव्हते असं नाही. भिंतीला खिळ्यावर टांगलेले. त्यांच्या काचांवर इतके चरे, की चष्मा घातला तर हातातला नळ दिसेना, आणि नळ दिसला नाही तर बोट चाकात. कुणी साहेब तपासणीला आला की सगळ्या जणी चष्मे चढवून आंधळी कोशिंबीर खेळायला बसल्यासारख्या बसायच्या. साहेब गेला की चष्मे परत खिळ्यावर.

मग कण गेला की काय करायचं? उठायचं आणि ताईंच्या स्टुलापाशी जायचं. ताईंच्या पदरात धुतलेल्या मऊ कापडाचा तुकडा कायम असे. त्याचा कोपरा पिळून त्या वात करायच्या, काडीवर पापणी उलटायच्या आणि म्हणायच्या, "वर बघ. आता तुझ्या सासूला आठव." बाई हसायची नाही तर शिवी द्यायची, तोवर कण वातीच्या टोकावर आलेला असायचा. सगळी शेड त्यांना डोळेवाल्या ताई म्हणायची. या नावाचा त्यांना फार अभिमान. घरात त्यांना इतक्या वर्षांत कुणी शाबास म्हटलं नव्हतं. शेडमध्ये मात्र दिवसातून एकदा तरी कुणीतरी त्यांचा हात धरून म्हणायचं, "ताई, तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

आता बाटलीकडे येते. शेडचा मुकादम म्हणजे साखरेचा खडा. प्रत्येकीला ताई, माई, अक्का. आवाज चढवला तर शपथ. त्याच्या शर्टाच्या खिशात एक इवलीशी प्लॅस्टिकची बाटली असे. तिचा एक थेंब डोळ्यात पडला की डोळा थंडगार, काही कळेनासंच व्हायचं. मग ताईंनी कापड फिरवलं तरी बाई हलायची नाही. कण निघाला की बाई लगेच चाकावर. ना दवाखाना, ना अर्धा दिवस बुडणं. शेडमध्ये तिला थंड बाटली म्हणत. तिच्यावर कागद नव्हता. कुणीतरी तो नखानं खरवडून काढलेला होता, गोंदाचे डाग तेवढे राहिले होते.

एकदा खुद्द मुकादमाच्या डोळ्यात कण गेला. ताई लगबगीनं वात पिळून पुढे झाल्या. तर हा डोळ्यावर रुमाल दाबून "नको, नको" करत मागे सरला आणि गाडीत बसून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. बाटली त्याच्या खिशातच होती. ताईंनी घरी येऊन पोट धरधरून हसत ही गंमत सांगितली. "पुरुषाची जात. एवढ्याशा कणाला एवढं घाबरायचं!"

पुढे ताईंच्याच डोळ्यात कण गेला, तेव्हा त्यांचा डोळा कुणी बघायचा? न्हाव्याची हजामत कोण करणार, तसं झालं. शेजारच्या बाईनं वात पिळून पाहिली, दुसरीनं पाहिली. दोघींचे हात कामाचे, पण नाजूक कामाचे नव्हेत. कण निघाला की नाही कुणास ठाऊक, डोळा मात्र खरचटला. मुकादम हळहळला. खिशातली बाटलीच त्यानं ताईंच्या हातात ठेवली. "तुमच्याकडेच राहू दे, ताई. दुखलं की घाला. हक्कानं घाला."

आणि ताईंनी हक्कानं घातली. त्यांचा विचार सरळ होता. या थेंबानंतर किती बाया बऱ्या झालेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या कण निघाला म्हणून, थेंबामुळे नव्हे, हे कुणी त्यांना सांगायला हवं होतं. सांगणारा होता, पण तो नळ मोजत होता.

थेंब घातला की डोळा गप्प. त्याचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त ठणका. मग पुन्हा थेंब. हे मला पुढे कळलं, तेव्हा घरात कुणाला पत्ता नव्हता. घरात मी मशीनवर कपडे शिवत बसलेली असायची, तर ताई खिडकीकडे पाठ करून बसू लागल्या. उजेड सोसेना. मी विचारलं तर, "जाऊ दे गं, भुकटी गेली असेल." मोठे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, "तिला सवय आहे डोळ्यांची. तिला शिकवू नकोस." एका सकाळी मी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. काळ्या बुबुळावर पांढरट कडं आलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध खळगा. मी हातातली कात्री खाली टाकली, भाऊजींना चार शब्द सुनावले आणि ताईंना दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण बोलायला माझ्यापेक्षा कितीतरी शांत. त्यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि ताईंना तिथेच ठेवून घेतलं. मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो, काचेसारखा. तो प्रथिनांच्या धाग्यांचा विणलेला असतो. ताईंचा तो पडदा वितळत होता.

"वितळतोय म्हणजे? मेण आहे का ते?"

"जखम झाली की शरीर तिथे काही रसायनं सोडतं. एन्झाइम म्हणतात त्यांना. त्यांचं काम खराब झालेले धागे तोडून उचलणं. भिंत नव्यानं लिंपायची तर आधी जुना पोपडा काढावा लागतो, तसं. त्यांना आवर घालणारी रसायनंही आपल्या शरीरातच असतात, आणि रक्तात तर भरपूर. पण या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तिथे आवर घालणारे कमी पोचतात. एरवी वरची साल भरून आली की तोडणारे आपोआप थांबतात. यांची साल भरतच नाहीये, त्यामुळे ते थांबत नाहीत. खराब झालेलं संपलं, आता चांगलं तोडतायत."

"म्हणजे शरीर आपलंच, डोळाही आपलाच, आणि खातंय कोण तर आपणच?"

"तसंच. पडदा फार पातळ झालाय. भोक पडलं तर डोळा हातचा जाईल. आपल्याला ते तोडणं थांबवायचंय."

मला तर त्या एन्झाइमांचाही राग आला. घरच्याच माणसानं घर पोखरावं, आणि तेही साफसफाईच्या नावाखाली!

उपचार सुरू झाले. एक गोळी होती. मी विचारलं, जंतू मारायची का? तर म्हणाल्या, एरवी त्याचसाठी असते, पण इथे तोडणाऱ्यांचा हात धरायला दिली आहे. जंतू तपासले होते, सापडले नव्हते. दुसरं म्हणजे थेंब. ते ताईंच्याच रक्ताचे. हातातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर येणारं पिवळसर पाणी गाळून पातळ करायचं आणि दर तासाला डोळ्यात घालायचं. त्या पाण्यात आवर घालणारे असतात, आणि साल भरायला मदत करणारेही. बर्फाच्या डब्यातून ती बाटली काढून थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. ताईंना सगळं समजावून सांगितलं तर त्या म्हणतात कशा, "जन्मभर रक्ताचं पाणीच केलं गं. एकदा तरी स्वतःच्या कामी आलं."

मी मन लावून थेंब घालत होते. घड्याळाकडे बघून, हात धुऊन. एरवी देवापुढे हात जोडतानाही माझं मन भाजीवर असतं, पण हे मी केलं. तरी खळगा खोलच होत चालला. डॉक्टरीणबाई रोज यंत्रातून बघायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "असं व्हायला नको. जितकं आपण आवरतोय तितकं कुणीतरी मोकळं सोडतंय. आणखी काही घालता का डोळ्यात? काजळ, मध, गुलाबपाणी, काहीही?"

ताई मान हलवून नाही म्हणाल्या. आणि मी, जिला शेजारणीची चादरसुद्धा सोडवत नाही, ती मी ठणकावून म्हणाले, "अहो, मी चोवीस तास इथेच आहे. काही घालत नाहीत त्या."

मुकादम दुसऱ्यांदा भेटायला आला तो सफरचंदं घेऊन. पहिल्यांदा आला होता तेव्हा मोसंबी होती. ताईंच्या पायाशी बसून त्यानं चौकशी केली, सगळ्या जणी आठवण काढतात म्हणाला, आणि जाताना उशी सारखी करून गेला. भाऊजींचा ऊर भरून आला. "बघ, याला म्हणतात माणुसकी. कुठला मुकादम दवाखान्यात येतो?"

दुपारी मी चादर बदलायला ताईंना उठवलं, आणि उशीच्या खोळीतून बाटली खाली पडली. नवी, काठोकाठ भरलेली. कागद खरवडलेला.

मी ती उचलली. ताईंनी माझं मनगट धरलं. "दे इकडं. अगं, ठणका लागला की जीव जातो. त्याच्याशिवाय नाही राहवत."

"कुणी दिली?"

"मुकादमांनी. तुझा डोळा लागला की घालायचे, ती आधीची संपत आली होती. कुणाला सांगू नका म्हणाले. बोभाटा झाला तर बाटली बंद होईल, मग शेडमधल्या बाकीच्या बायांनी काय करायचं? खरंच आहे ना ते."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉर्डातल्या नर्सबाई धावत आल्या, आणि त्यांच्या मागून डॉक्टरीणबाई. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली, आणि त्या शांत बाईचाही चेहरा बदलला.

"हा डोळा बधिर करायचा थेंब आहे. आमच्याही कपाटात असतो. तपासताना एक घालतो आणि कुलूप लावतो, रुग्णाच्या हातात कधी देत नाही. हा सारखा घातला तर साल भरतच नाही. साल भरली नाही की तोडणं थांबत नाही. आपण एका हातानं आवरत होतो, आणि दुसऱ्या हातानं हे." बाटलीवरच्या गोंदाच्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला. "रुग्णाला देऊ नये असं बाटलीवर छापलेलं असतं. हा कागद कुणी काढला?"

भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बिचारा मदतच करायला गेला. त्याला काय ठाऊक असणार?"

"ठाऊक नव्हतं, मग कागद कशाला खरवडला, भाऊजी? हाताला चाळा म्हणून? ज्याला वाचता येत नाही तो कागद काढत नाही. वाचता येतं तोच काढतो! आणि तुम्ही त्याच्या सफरचंदांना माणुसकी म्हणता. एक नीट चष्मा दिला असता प्रत्येकीला, तर फळं घेऊन हिंडायची वेळ आली नसती त्याच्यावर."

भाऊजींनी सफरचंदांची पिशवी पलंगाखाली सरकवली.

बाटलीशिवायचे ते दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, पण तो ठणका गोळ्यांना जुमानणारा नव्हता. त्या पलंगाची कड धरून बसायच्या आणि मी त्यांची पाठ चोळत बसायची. ज्या बाईनं दोन बाळंतपणांत हूं की चूं केलं नव्हतं, ती विव्हळत होती. मध्येच त्या म्हणायच्या, "त्यांना ठाऊक असेल का गं?"

"असेल का काय? होतंच."

"नसेल. घामानं निघाला असेल कागद. चांगला माणूस आहे तो. कधी आवाज चढवला नाही."

मी तेव्हा वाद घातला नाही. मी वाद घातला नाही, असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

साल भरली. कडेकडेनं, केसभर केसभर, पण भरली. खळगा खोल व्हायचा थांबला. भोक पडलं नाही. डोळा जाग्यावर राहिला, पण त्यात फूल पडलं. पांढरं, टिकलीएवढं, बरोबर मधोमध. त्या डोळ्याला आता खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. कुणी मरणानंतर नेत्रदान केलं तर पडदा बदलता येईल, तोवर रांगेत थांबा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

घरी येऊन थोडी ताकद आल्यावर ताई म्हणाल्या, "मी शेडमध्ये जाऊन येते."

"कामाला?"

"बघते."

त्यांना एकटीला सोडायला मी काय खुळी आहे? चपला घातल्या आणि निघाले. सगळ्या वाटेनं मुकादमाला काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी केली. असा मुद्देसूद जमला होता तो शिव्यांचा हार, की आजही वाया गेल्याचं वाईट वाटतं.

शेडमध्ये चाकं घरघरत होती. ताईंना बघून मुकादमाचा चेहरा फुलला. "या ताई, या. तुमच्या स्टुलावर कुणाला बसू दिलं नाही मी." तेवढ्यात रांगेतून एक नवी बाई उठली. डोळ्यावर तळहात दाबलेला, गालावरून पाणी वाहतंय. मुकादम म्हणाला, "बघा, पायगुण! आल्या आल्या काम. तुमच्या हाताची सर कुणाला नाही, ताई." आणि खिशातून बाटली काढून त्यानं ती ताईंच्या हातात ठेवली.

मी तोंड उघडलं. ताईंनी माझं मनगट दाबलं.

त्यांनी बाटलीचं टोपण काढलं आणि त्याच गोड आवाजात, ज्यात त्या सगळ्यांना सासू आठवायला सांगायच्या, म्हणाल्या, "मुकादम, तुमचा डोळा लाल दिसतोय. बसा जरा. एक थेंब घालते."

तो हसला. "मला काय झालंय? तिच्या घाला."

"तिच्या घालते की. आधी तुमच्या. थंड वाटेल." आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट त्याच्या पापणीकडे नेलं.

तो असा मागे उडाला की स्टूल आडवं झालं. दोन्ही हात दोन्ही डोळ्यांवर. "नको म्हटलं ना! ते असं घालायचं नसतं—"

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. पण जवळच्या स्टुलांवरच्या बायांनी ऐकलं होतं. आणि ताईंनी ऐकलं होतं.

एका थेंबानं त्याचा डोळा जाणार नव्हता. दवाखान्यात त्यानं तोच थेंब घालून घेतला असेल. पण ताईंना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यांना मिळालं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि, खरं सांगते, मला भीती वाटली. त्या तोंडावर असा राग मी कधी पाहिला नव्हता. आरशातसुद्धा नाही.

"माझ्या घालायचं असतं?" ताई ओरडल्या. चाकांच्या घरघरीवरून तो आवाज शेडच्या टोकापर्यंत गेला. "माझ्या उशीत ठेवायचं असतं?"

त्या तरातरा भिंतीशी गेल्या आणि मोठं बटण खाली ओढलं. पट्टा सैल पडला, चाकं फिरत फिरत थांबली. त्या शेडमध्ये भर कामाच्या वेळी इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. ताई रांगेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोटानं स्वतःची पापणी वर धरली.

"जवळ येऊन बघा. लाजू नका. हे या बाटलीचं. आणि एक सांगते. आजपासून मी कुणाचा कण काढणार नाही. मी कण काढत बसले म्हणून यांनी कधी चष्मे बदलले नाहीत. मला वाटायचं, मी तुमचे डोळे राखते. मी यांची शेड राखत होते."

ताईंनी बाटली उलटी करून दाबली, रिकामी होईपर्यंत. मग पदरातला तो मऊ कापडाचा तुकडा काढला, त्या नव्या बाईच्या गालावरचं पाणी तेवढं पुसलं, डोळ्याला हात लावला नाही, आणि तिचा दंड धरला. "चल. चोळू नकोस. दवाखाना जवळच आहे."

आम्ही तिघी दारापर्यंत पोचलो. मागे बाया एकेक करून स्टुलांवरून उठत होत्या. मुकादम अजून भिंतीशी उभा होता, आणि त्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला असावा. "अहो ताई, आज माल जायचाय! चाकं कोण चालू करणार?"

ताई वळल्या. फूल पडलेला डोळा त्याच्याकडे, चांगला डोळा वाटेकडे.

"ज्याचे दोन्ही शाबूत आहेत त्यानं."